नाकारता येणार नाही: अमेरिकेतल्या बायकांच्या मताची बहात्तर वर्षं

प्रश्न असा आला आहे: "एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर आहे. पुस्तकात १८४८ची सेनेका फॉल्सची परिषद आणि १९२०ची एकोणिसावी घटनादुरुस्ती यांच्यामध्ये जेमतेम दोन परिच्छेद आहेत. मधली बहात्तर वर्षं बायका करत काय होत्या? एवढा वेळ का लागला? आणि '१९२० मध्ये अमेरिकेतल्या सर्व स्त्रियांना मताधिकार मिळाला' असं लिहिलं तर चालेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. चालणार नाही. मी बरीच वर्षं हा पेपर शिकवतो आहे, तपासतोही आहे, आणि हे वाक्य नसलेला गठ्ठा अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. त्यातलं "सर्व" चुकीचं आहे, हे हुशार मुलांना कळतं. "मिळाला" हेही चुकीचं आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात येतं.

वर्गात पहिल्याच तासाला मी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारतो. डावीकडे १८७०ची पंधरावी घटनादुरुस्ती लिहितो, उजवीकडे १९२०ची एकोणिसावी. दोन्हींतलं मुख्य कलम एकेका वाक्याचं आहे. डावीकडचं वाक्य साधारण असं: संयुक्त संस्थानांच्या नागरिकांचा मतदानाचा हक्क केंद्राला किंवा कोणत्याही राज्याला वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून नाकारता किंवा कमी करता येणार नाही. उजवीकडे तेच वाक्य, शेपूट तेवढं बदललेलं: लिंगाच्या कारणावरून. इंग्रजीत मोजून अठ्ठावीस शब्द. आता यात "दिला" हा शब्द शोधून दाखवा, असं मी मुलांना सांगतो. सापडत नाही. मत कुणी द्यायचं हे राज्यांनी ठरवायचं, आणि नाही म्हणण्याच्या त्यांच्या कारणांमधलं एक कारण खोडायचं, एवढंच काम ते वाक्य करतं. बाकीची कारणं जागच्या जागी. हे एकदा पक्कं बसलं की आधीची बहात्तर वर्षं उलगडतात आणि नंतरची पंचेचाळीसही.

मूळ घटनेत मतदार कोण याची व्याख्याच नाही, ते राज्यांवर सोडलं होतं. त्यामुळे एक गंमत घडली. न्यू जर्सीच्या १७७६च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले "सर्व रहिवासी" असे शब्द होते, आणि तिथल्या विधवा व अविवाहित बायका खरोखर मतदानाला जात. (लग्न झालेलीच्या नावावर मालमत्ताच नसायची, म्हणून ती आपोआप बाद.) १८०७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि मत गोऱ्या करदात्या पुरुषांपुरतं ठेवलं. म्हणजे सेनेका फॉल्सच्या चाळीस वर्षं आधी एका राज्यात बायकांकडे मत होतं, आणि एका साध्या कायद्याने ते परत घेता आलं. हे उदाहरण उत्तरात घाला, परीक्षक दोनदा वाचेल.

सेनेका फॉल्सची परिषद ठरली ती चहाच्या टेबलावर. ९ जुलै १८४८ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी पाच जणी जमल्या होत्या. त्यात एलिझाबेथ केडी स्टँटन आणि लुक्रिशिया मॉट होत्या. या दोघींची ओळख आठ वर्षांपूर्वी लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत झाली होती, जिथे स्त्री-प्रतिनिधींना सभागृहात भाग न घेऊ देता पडद्याआड बसवलं गेलं. पाच जणींनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि दहा दिवसांत, १९ आणि २० जुलैला, वेस्लियन चॅपलमध्ये तीनशेच्या आसपास माणसं गोळा झाली. जाहीरनामा १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर बेतलेला होता. तिथे राजाच्या अन्यायांची जंत्री होती, इथे पुरुषाच्या. मालमत्ता, शिक्षण, मुलांचा ताबा, मजुरी या सगळ्यांवरचे ठराव एकमताने झाले. नववा ठराव अडला. तो मताचा होता. खुद्द मॉटबाईंना वाटत होतं की असलं काही मागितलं तर आपलं हसं होईल. तेव्हा गुलामगिरीतून पळून आलेले आणि शेजारच्या रॉचेस्टरमधून वर्तमानपत्र चालवणारे फ्रेडरिक डग्लस उठले आणि ठरावाच्या बाजूने बोलले. सभेतले ते एकमेव कृष्णवर्णीय. ठराव थोडक्यात तरला. खाली शंभर सह्या झाल्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या. डग्लस यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५०चं दशक मी वर्गात भराभर उरकतो. परिषदा झाल्या, काही राज्यांत विवाहितेच्या मालमत्तेचे कायदे सुधारले, न्यूयॉर्कमध्ये १८६० साली बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला. खरी गाठ यादवी युद्धानंतर पडली.

गुलामगिरी संपली, आणि १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीत मतदारांचा उल्लेख करताना "पुरुष" हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला. मग पंधरावी आली, आणि तिच्या यादीत वंश, वर्ण, गुलामगिरी ही तीन कारणं होती. चौथं, म्हणजे लिंग, मुद्दाम वगळलेलं होतं. स्टँटन आणि त्यांच्या सहकारी सुसान बी. अँथनी खवळल्या. इथपर्यंत त्यांचा राग समजतो. पण त्या रागात स्टँटनबाईंनी जे लिहिलं ते आजही वाचवत नाही: अडाणी काळे आणि बाहेरून आलेले मजूर सुशिक्षित गोऱ्या बायकांसाठी कायदे करणार का, असा त्याचा सूर होता. मे १८६९च्या सभेत डग्लस यांनी उत्तर दिलं. बाई आहे म्हणून बाईला घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवतील, तेव्हा तिची निकड आमच्याइतकी ठरेल, असा त्याचा आशय होता. सभेतून कुणीतरी ओरडलं, हे काळ्या बाईलाही लागू नाही का? डग्लस म्हणाले, आहे ना, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून.

त्याच वर्षी चळवळ फुटली. स्टँटन-अँथनींची एक संघटना, लूसी स्टोन यांची दुसरी. दोन्ही एकत्र यायला १८९० उजाडावं लागलं. पाठ्यपुस्तकं याला "मतभेद" म्हणतात. एकवीस वर्षं दोन कचेऱ्या, दोन वर्तमानपत्रं आणि तोकड्या वर्गण्या दोन ठिकाणी विभागलेल्या. याला मतभेद म्हणणं म्हणजे भाऊबंदकीला नाराजी म्हणण्यासारखं आहे.

दुरुस्ती होत नाही तर आहे त्याच घटनेतून वाट काढू, असाही एक प्रयत्न झाला. चौदावी दुरुस्ती म्हणते की इथे जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. बाई व्यक्ती आहे, म्हणून नागरिक आहे, म्हणून मतदार आहे. १ नोव्हेंबर १८७२ला अँथनी रॉचेस्टरमधल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेल्या, कारण त्या वॉर्डाची मतदार नोंदणी तिथे चालू होती. तिथल्या तरुण अधिकाऱ्यांना त्यांनी घटनेतलं कलम वाचून दाखवलं. पोरं गोंधळली आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. चार दिवसांनी त्यांनी मत दिलं, आणि मग अटक झाली. जून १८७३मध्ये कॅनन्डेग्वाला खटला चालला. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी आरोपीला साक्ष देऊ दिली नाही, आणि ज्यूरीला विचार करायला न पाठवता दोषी ठरवा असा थेट आदेश दिला. शेवटी रिवाज म्हणून विचारलं, काही सांगायचं आहे का? सांगायचं होतंच. न्यायमूर्ती पुन्हापुन्हा बसा म्हणत राहिले आणि बाई बोलत राहिल्या. दंड शंभर डॉलर. मी एक डॉलरही भरणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं आणि शब्द पाळला. न्यायमूर्ती मात्र धूर्त निघाले: दंड भरेपर्यंत तुरुंगात टाका, असा हुकूम त्यांनी दिलाच नाही. तुरुंग नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयात जायची वाटही बंद.

ती वाट दुसरीने चालून पाहिली. सेंट लुईसच्या व्हर्जिनिया मायनर यांचा खटला १८७५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, एकमताने: बाई नागरिक आहे हे खरं, पण नागरिक असणं आणि मतदार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार बंद. आता राहिले दोनच रस्ते. एक, घटनादुरुस्ती: संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी. दुसरा, एकेक राज्य जिंकायचं: बहुतेक ठिकाणी आधी विधिमंडळ, काही ठिकाणी लागोपाठ दोन विधिमंडळं, आणि मग सार्वमत. सार्वमतात मतदार कोण? फक्त पुरुष.

"बायका करत काय होत्या" याचं उत्तर इथे आहे. चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांनी नंतर हिशोब मांडला. ५२ वर्षांत सार्वमताच्या ५६ मोहिमा. विधिमंडळांनी प्रश्न मतदारांपुढे ठेवावा म्हणून ४८०. राज्यांच्या घटनासमित्यांपुढे ४७. पक्षांच्या राज्य अधिवेशनांत २७७, राष्ट्रीय अधिवेशनांत ३०. आणि ओळीने १९ संसदांपुढे १९. हे आकडे मी पाठ करायला लावत नाही. एकदा मोठ्याने वाचून मात्र घेतो. चळवळ म्हटली की मोर्चा डोळ्यांपुढे येतो. हिचा बराचसा काळ पाकिटांवर पत्ते लिहिण्यात आणि आमदारांच्या दारात ताटकळण्यात गेला.

आणि हाती काय? वायोमिंग प्रांताने १८६९मध्येच मत दिलं होतं. यूटाने १८७०मध्ये दिलं, ते १८८७ साली संसदेनेच कायदा करून काढून घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत सिनेटमध्ये घटनादुरुस्तीवर पहिल्यांदा मतदान झालं: बाजूने १६, विरुद्ध ३४. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा चेहरा दिसतो. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. मार्च १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८च्या अखेरपर्यंत तिथे राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त" छापलं. दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा जवळचा परिचय झाला होता. विलर्ड यांची संघटना तेव्हा तिथली बायकांची सगळ्यात मोठी संघटना, आणि तिने मताची मागणी उचलून धरली होती. तिच्यामुळे हजारो देवभीरू, घरंदाज बायका या चळवळीत आल्या. तिच्याचमुळे दारूभट्टीवाले कायमचे वैरी झाले, कारण बाईला मत म्हणजे गुत्त्याला कुलूप, हे त्यांनी धरूनच टाकलं. पुढची तीस वर्षं बिअरचा पैसा जवळपास प्रत्येक सार्वमतात विरोधात खेळला.

१८९६पर्यंत चार राज्यं झाली, चारही पश्चिमेकडची: वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, आयडाहो. मग चौदा वर्षं एकही नाही.

या कोरड्या काळातच चळवळीने दक्षिणेकडे तोंड वळवलं, आणि तिची सगळ्यात लाजिरवाणी पानं इथली आहेत. मिसिसिपीने १८९०च्या घटनेत मतकर (मत द्यायचं तर आधी भरायचा कर) आणि "राज्यघटनेचं कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगा" ही परीक्षा घातली. वंशाचा उल्लेख कुठेही नाही. पंधरावी दुरुस्ती शब्दशः पाळूनही काळ्या पुरुषाचं मत गेलं, कारण खोडलेलं कारण सोडून बाकीची सगळी कारणं राज्याच्या हातात होतीच. दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांच्या मतामुळे गोऱ्यांचं वर्चस्व वाढेल, असा युक्तिवाद चळवळीतल्याच काही जणी उघडपणे करू लागल्या. १८९५च्या जानेवारीअखेर अटलांटाला अधिवेशन भरलं, तेव्हा यजमानांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून अँथनींनी एका जुन्या मित्राला सांगितलं, तुम्ही येऊ नका. तो मित्र म्हणजे फ्रेडरिक डग्लस. २० फेब्रुवारीला डग्लस वॉशिंग्टनमध्ये बायकांच्याच एका परिषदेला हजर राहिले, तिथे अँथनीही होत्या. तिथून घरी गेले आणि संध्याकाळी वारले. नववा ठराव तारल्याला सत्तेचाळीस वर्षं होत आली होती. मी अँथनींचा चाहता आहे, पण हा भाग शिकवताना त्यांची बाजू सावरायला जात नाही.

१९१०नंतर वारं फिरलं. वॉशिंग्टन राज्य, मग १९११ला कॅलिफोर्निया, तेही जेमतेम साडेतीन हजार मतांच्या फरकाने. ३ मार्च १९१३ला, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ॲलिस पॉल यांनी राजधानीत मोठी मिरवणूक काढली. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने काळ्यांना ठार मारण्याविरुद्ध, लिहिणाऱ्या शिकागोच्या आयडा बी. वेल्स यांना सांगितलं गेलं की काळ्या बायकांनी मागे चालावं. त्या गर्दीत उभ्या राहिल्या, आणि इलिनॉयची तुकडी समोर आल्यावर रांगेत शिरून आपल्या राज्याबरोबरच चालल्या.

परीक्षेत हमखास विचारतात: श्रेय पॉल यांच्या जहाल गटाचं की कॅट यांच्या मवाळ गटाचं? "दोन्हींचं" असं लिहून सुटू नका. जानेवारी १९१७पासून पॉल यांच्या बायका व्हाइट हाउसच्या फाटकाबाहेर फलक घेऊन मुकाट उभ्या राहिल्या. अटक झाली, कलम कुठलं, तर रहदारीला अडथळा. १४ नोव्हेंबरच्या रात्री ओकोक्वानच्या तुरुंगात त्यांना मारहाण झाली. लूसी बर्न्स यांचे हात डोक्यावर कोठडीच्या गजांना बांधून ठेवले. उपोषणं झाली, नाकातून नळी घालून अन्न ओतलं गेलं. या धैर्याने प्रश्न पहिल्या पानावर आणला, यात वाद नाही. पण माझं मत विचाराल तर निर्णायक तारीख आठ दिवस आधीची आहे, ६ नोव्हेंबर १९१७. त्या दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या सार्वमतात बायका जिंकल्या. दोनच वर्षांपूर्वी त्या तिथेच हरल्या होत्या. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधीगृहात ४३ जागा. पश्चिमेची डझनभर राज्यं हलवू शकली नाहीत ते गणित एका राज्याने हलवलं, कारण आता या सदस्यांना पुढची निवडणूक बायकांच्या मतांवर लढायची होती.

१० जानेवारी १९१८ला प्रतिनिधीगृहात २७४ विरुद्ध १३६. भागून पाहा: ४१० मतांचे दोन तृतीयांश म्हणजे २७३हून जरासं जास्त, म्हणून २७४ हवीच होती, एक मतही जास्त नाही. एका सदस्याला स्ट्रेचरवरून आणलं होतं. एक जण मोडलेला खांदा न बसवताच आला होता. न्यूयॉर्कचा एक सदस्य नुकत्याच वारलेल्या पत्नीजवळून उठून आला, कारण तिची इच्छा तशी होती. सिनेटने तरी दोनदा पाडलं, आधी दोन मतांनी, मग एका मताने. ४ जून १९१९ला सिनेटही झालं: ५६ विरुद्ध २५.

मग ४८पैकी ३६ राज्यं. मार्च १९२०पर्यंत ३५ झाली आणि गाडी अडली ती टेनेसीवर. ऑगस्टच्या उकाड्यात नॅशव्हिलचं हर्मिटेज हॉटेल दोन्ही बाजूंच्या माणसांनी भरलं. बाजूच्यांच्या कोटावर पिवळा गुलाब, विरोधकांच्या लाल. देशभर दारूबंदी लागू होती, तरी आठव्या मजल्यावरच्या एका खोलीत विरोधकांकडून आमदारांसाठी दारू फुकट वाहत होती. १८ ऑगस्टला प्रश्न बाजूला ठेवण्याच्या सूचनेवर ४८-४८ असं दोनदा झालं. मग मूळ ठरावावर मतदान. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न, कोटावर लाल गुलाब, दोन्ही वेळा विरोधकांबरोबर होता. या वेळी तो "होय" म्हणाला. त्याच्या खिशात आईचं सात पानी पत्र होतं. घरचं, गावातलं बरंच काही, आणि मधेच: शहाण्यासारखा वाग, कॅटबाईंना मदत कर. ही गोष्ट सगळे सांगतात. बँक्स टर्नर यांचं नाव कुणी घेत नाही. सूचना बरोबरीत अडकली ती त्यांच्या मतामुळे, आणि शेवटच्या मोजणीत आधी गप्प राहून नंतर "होय" म्हणणारेही तेच. त्यांच्याशिवाय ४९ झाले नसते. त्यांच्या आईचं पत्र नव्हतं, हीच काय ती उणीव.

२६ ऑगस्टला सकाळी परराष्ट्रमंत्र्यांनी घरीच सही केली. समारंभ नाही, छायाचित्र नाही, चळवळीतली एकही बाई हजर नाही.

आता पुन्हा फळ्यावरच्या उजव्या बाजूकडे. लिंग हे कारण खोडलं गेलं. नोंदणीची मुदत टळली हे कारण खोडलेलं नव्हतं, म्हणून जॉर्जिया आणि मिसिसिपीत त्या नोव्हेंबरात बायकांना मत देता आलं नाही. अनेक आदिवासी बायकांकडे नागरिकत्वच नव्हतं. ते १९२४ला मिळालं, तरी काही राज्यांनी पुढे चोवीस वर्षं अडवून धरलं. (आपल्याकडेही वळण हेच. मुंबई इलाख्यात १९२१ साली बाई असण्याची आडकाठी गेली, पण मालमत्तेची अट राहिली, आणि मतदारयादीत बायका मूठभरच आल्या.) फेब्रुवारी १९२१मध्ये ॲडी हंटन यांच्याबरोबर साठ काळ्या बायका पॉल यांना भेटल्या. दक्षिणेत आम्हाला नोंदवून घेत नाहीत, तुमच्या अधिवेशनात हा विषय घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वंशाचा प्रश्न आहे, लिंगाचा नाही, असं उत्तर मिळालं. अठ्ठावीस शब्दांचा तो अगदी काटेकोर अर्थ होता.

हे कुलूप मोडायला १९६५चा मतदान हक्क कायदा यावा लागला. त्याच्या तीन वर्षं आधी, ऑगस्ट १९६२मध्ये, मिसिसिपीच्या इंडियनोला गावी कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर नाव नोंदवायला गेल्या. त्यांच्यापुढे राज्यघटनेतलं एक कायद्याच्या परिभाषेतलं कलम ठेवलं आणि अर्थ लिहायला सांगितलं. घोड्याला नाताळचं जेवढं कळतं तेवढं मला त्यातलं कळत होतं, असं त्या पुढे सांगत. त्याच दिवशी मळेवाल्याने अठरा वर्षांच्या कामावरून आणि घरातून काढलं. त्या पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या, आणि जानेवारी १९६३मध्ये उत्तीर्ण झाल्या. मतदानाच्या दिवशी केंद्रावर त्यांना परत पाठवलं. मतकराच्या दोन पावत्या हव्या होत्या, आणि त्यांच्याकडे एकही नव्हती.